मऊ वाळू आणि चार चाकांचा जोर

श्रोते हो, जव्हारच्या माणसानं समुद्रावरच्या वाळूविषयी बोलावं, याचं तुम्हांला नवल वाटेल. आमचं गाव डोंगरमाथ्यावर. आमच्याकडे पाऊस पडतो तो पोत्यानं ओतावा तसा, आणि समुद्र म्हणाल तर तो पश्चिमेला, घाट उतरून, महामार्ग ओलांडून, रेल्वेचे रूळ ओलांडून मग कुठं लागतो. 2014 सालच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आम्ही डोंगरातले आणि डहाणू-सातपाटीचे किनाऱ्यावरचे एका जिल्ह्याचे रहिवासी झालो. पण कागदावर एक झालं म्हणून ओळख होते असं नाही. मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर अजून अशी पोरं आहेत, की ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही. आज मी सांगणार आहे ती हकिगत अशाच एका पोराच्या हट्टापायी घडली.

मी जीप चालवतो. वीस-पंचवीस वर्षं हाच धंदा. जव्हार, मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ ही माझी नेहमीची वाट. आमच्याकडे जीप ही चैनीची वस्तू नव्हे. एसटी जिथं थांबते तिथून पुढे पाड्यापर्यंत माणूस, नागलीचं पोतं, कोंबड्या, लग्नाचं वऱ्हाड आणि आजारी माणूस, सगळं तिच्यातूनच जातं. पावसाळ्यात रस्त्याचा लगदा होतो म्हणून मी चारही चाकांना जोर लागणारी गाडी घेतली. ड्रायव्हर मंडळी तिला नुसतं ‘फोर व्हील’ म्हणतात. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो, आणि ती दोन फसली की बाकीची दोन पाहुण्यासारखी पाहत बसतात. फोर व्हील टाकलं की चारही चाकं कामाला लागतात. अशी गाडी हाती आली की माणसाच्या अंगात एक प्रकारची मस्ती येते. आपली गाडी कुठंही जाईल, असं वाटू लागतं. माझं तेच झालं.

मासे मारण्याचा नाद आम्हां डोंगरातल्या लोकांनाही आहे बरं का. पहिला पाऊस पडून ओढे वाहू लागले की मासे उलटे चढून शेतात येतात, त्याला आम्ही वलगण म्हणतो. त्या रात्री अख्खा पाडा बत्त्या घेऊन बाहेर पडतो. उन्हाळ्यात पिंजाळ आणि वाघ नदीच्या डोहांत गळ टाकून बसणारे म्हातारे तुम्हांला जागोजागी दिसतील. माझे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, त्यांतलेच एक पक्के गळवाले. ते एकदा म्हणाले, “नदीतले मासे पुष्कळ झाले. समुद्रावर गळ टाकून पाहू.” आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, माझा भाचा, त्या दिवसापासून माझ्या मागं लागला, “मामा, समुद्र कधी दाखवता?”

शिमग्यात आमच्याकडे कामधंदा थंडच असतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो. घाट उतरून कासा, चारोटी करत डहाणूला आलो आणि तिथून बोर्डीच्या रस्त्याला लागलो. डाव्या हाताला सुरूची झाडं, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. सुरूच्या बनातून एक वाट खाली वाळूत उतरत होती. सकाळचे साडेसहा-सात वाजले असतील. समुद्र इतका आत गेला होता, की भाचा म्हणाला, “मामा, यात पाणी कुठाय?”

उत्तर कोकणातला हा किनारा फार सपाट आहे. ओहोटीला पाणी लांबच लांब मागं जातं. गळ टाकायचा तर पाण्यापर्यंत चालत जावं लागणार. मी म्हटलं, चालायचं कशाला? गाडी आहे ना फोर व्हील! आणि घातली गाडी वाळूत. वरची कोरडी वाळू उताराची होती, ती सहज ओलांडली. खालची ओली वाळू तर डांबरी रस्त्यासारखी कडक लागली. पाण्याजवळ जाऊन गाडी उभी केली, तेव्हा मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू!

इथं जरा थांबून वाळूचा स्वभाव सांगतो, कारण तो मला त्या दिवशी ठाऊक नव्हता. लहानपणी तुम्ही ओल्या वाळूत पाय घालून खोपा केला असेल. कोरड्या वाळूचा खोपा होत नाही, तो ढासळतो. थोड्या ओल्या वाळूचा होतो. आणि फार पाणी झालं की पुन्हा विरघळून जातो. याचं कारण असं, की वाळूच्या दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असला की तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. पाणी मुळीच नसलं की कण मोकळे, मोहरीच्या राशीसारखे, पाय ठेवला की सरकतात. आणि कणांमधल्या सगळ्या फटी पाण्यानं भरल्या की ती ओढ नाहीशी होते. म्हणून किनाऱ्यावर तीन पट्टे असतात. वरचा कोरडा आणि मऊ, मधला ओलसर आणि कडक, आणि अगदी पाण्यालगतचा किंवा ओहोळाच्या मुखाजवळचा पुन्हा मऊ आणि दगाबाज. मधला पट्टा पाहून माणूस फसतो. तो जाताना वाट देतो, पण परत यायचं असतं ते वरच्या पट्ट्यातून. आणखी एक गोष्ट. पहाटे रात्रीच्या गारव्यानं आणि दवानं वरची वाळूही थोडी बांधलेली असते. ऊन चढलं की तीच वाळू सुटी होते. सकाळी सातला ज्या वाटेनं गाडी सहज उतरली, ती वाट दहाला तशी राहत नाही.

दाजींनी कोळंबीचं आमिष लावून गळ टाकले. भरती सुरू झाली की मासे पाण्याबरोबर किनाऱ्याकडे येतात, म्हणून गळवाल्याला चढतं पाणी हवं असतं. तासाभरात दोन शिंगाळे लागले. शिंगाळ्याच्या काट्यापासून हात कसा सांभाळायचा हे दाजी मुलाला शिकवत होते. पाणी येत होतं तसे आम्ही गाडी मागं मागं घेत होतो. साडेनऊच्या पुढं मात्र पाणी भराभर यायला लागलं. भरतीचं असंच आहे. सहा तासांत ती सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढी, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक, असा तिचा साधारण हिशेब असतो. पहिला तास माणसाला झोपवतो आणि तिसरा तास पळवतो. सपाट किनाऱ्यावर ते पाणी माणसाच्या चालीनं पुढं सरकताना दिसतं.

आम्ही सामान भरून वर निघालो. कोरड्या चढावर निम्म्यात आलो आणि भाच्याची चप्पल खाली पडली. तो ओरडला, “मामा, थांबा!” मी ब्रेक मारला. श्रोते हो, तिथंच सगळं बिघडलं. ब्रेक मारला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग साचतो, आणि चढावर थांबलेली गाडी तो ढीग ओलांडून पुन्हा उचलायची म्हणजे दुप्पट जोर लागतो. मी फोर व्हील टाकलं, पहिला गिअर घातला आणि एक्सलेटर दाबला. चाकं जागच्या जागी गरगरा फिरली. मी आणखी दाबला. वाळू मागं उडाली आणि गाडी बसली. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा गाडीचं पोट वाळूला टेकलं. आता चाकं चार असोत की चाळीस, ती खड्ड्यात लोंबकळणार आणि सगळं वजन पोटावर. चार चाकांचा जोर मी चार खड्डे खणायला वापरला होता.

मी खाली उतरलो आणि वर पाहिलं. आदल्या दिवशीच्या भरतीनं टाकलेला काडीकचरा, शेवाळ, शिंपले यांची एक रेघ वाळूवर होती. ती रेघ आमच्या गाडीच्या वर वीस पावलांवर होती. म्हणजे आज दुपारी पाणी इथपर्यंत येणार, हे अडाण्यालाही कळावं. गाडीचे हप्ते अजून दोन वर्षांचे राहिले होते. माझ्या पाड्याच्या वाटेवर दुसरी गाडी नव्हती. दाजी काही बोलेनात. भाच्यानं चप्पल उचलून आणली होती, ती हातात धरून तो म्हणाला, “मामा, माझ्यामुळं गाडी बुडणार का?” त्याला काय उत्तर द्यावं हे मला सुचेना.

तेवढ्यात किनाऱ्यानं एक म्हातारे मच्छीमार येत होते, खांद्यावर पाग टाकलेला. त्यांनी लांबूनच हात केला आणि म्हणाले, “नको रे बाबा, रेटू नको. जेवढी रेटशील तेवढी बसेल.” जवळ येऊन त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर टिचकी मारली आणि विचारलं, “हवा किती आहे?”

मी म्हटलं, “पस्तीस पौंड, काका. कालच भरलीय.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “काढ निम्मी.”

मला वाटलं म्हातारबाबा थट्टा करताहेत. फसलेल्या गाडीची हवा काढायची? पण त्यांनी किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरबरोबर आयुष्यातली कितीतरी वर्षं काढली होती. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो असा, “आज तिथी कोणती?”

“द्वितीया.”

“मग दीडला पूर्ण भरती. इथं बाराच्या आत पाणी लागेल. दोन तास आहेत, पुष्कळ झाले. घाई करायची नाही, पण बसायचंही नाही.”

हा तिथीचा हिशेब तुम्हीही लक्षात ठेवा, फार उपयोगाचा आहे. पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला नि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. स्थळपरत्वे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जीव वाचवायला एवढा अंदाज पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत आत जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा दोन्ही कमी. आम्ही नेमके उधाणाच्या दिवशी गाडी घेऊन गेलो होतो. समुद्र खूप आत गेलेला पाहून आनंद झाला होता. पण जो जितका आत जातो तो तितकाच वर येतो, हे लक्षात आलं नव्हतं.

मग काम सुरू झालं. दाजींनी आणि मी हातांनी व घमेल्यानं गाडीच्या पोटाखालची वाळू उपसली. नुसती चाकांभोवतीची वाळू काढून उपयोग नसतो. पोट मोकळं झालं नाही तर चाकांवर वजनच येत नाही. जॅक लावायला गेलो तर जॅकच वाळूत रुतू लागला. काकांनी होडीखाली घालायची एक फळी आणली, ती जॅकखाली ठेवली. मग एकेक चाक उचलून त्याखाली वाळू भरली, वर सुरूच्या फांद्या आणि गोणपाट अंथरलं. भाच्यानं फांद्या गोळा केल्या. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तोवर सुकलं होतं, कारण त्याला काम मिळालं होतं. चारही टायरची हवा काडीनं व्हॉल्व्ह दाबून काढली. मोजायला काटा नव्हता. काका टायरच्या गालाकडे पाहत होते. गाल जरा फुगला तेव्हा म्हणाले, “बस्स.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या पोटात गोळा आला. म्हणाले, “आता गाडी मागं घे.”

मागं म्हणजे समुद्राकडे! पाणी आता पन्नास-साठ पावलांवर आलं होतं. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वर चढ आणि सुटी वाळू. मागं उतार आणि आमच्याच चाकांनी दाबून केलेली चाकोरी. दाबलेली वाळू न दाबलेल्या वाळूपेक्षा नेहमी कडक असते. आयुष्यात चाकोरी सोडावी म्हणतात, वाळूत मात्र चाकोरीच तारते. मी रिव्हर्स गिअर टाकला, एक्सलेटरला नुसतं पाऊल टेकवलं, क्लच हळूच सोडला. गाडी थरथरली, फांद्या करकरल्या, आणि ती हलली. चाकोरीनं सरळ खाली गेलो आणि ओल्या कडक पट्ट्यावर आलो. मागं लाटेचा फेस टायरपासून दहा पावलांवर होता. तिथून काकांनी गाडीत बसून उत्तरेकडे नेलं. होड्यांच्या ट्रॅक्टरनी दाबून ठेवलेल्या वाटेनं, न थांबता, दुसऱ्या गिअरमध्ये, आम्ही सुरूच्या सावलीत पोहोचलो. साडेअकरा वाजले होते. पाऊण तासानं आमच्या खड्ड्यांवरून पाणी फिरलं. आम्ही चौघं उभे राहून ते पाहत होतो.

हवा काढल्यानं काय झालं, हे मी नंतर समजून घेतलं. चिखलातून जाताना आपण फळी टाकतो, कारण वजन तेवढंच असलं तरी ते जास्त जागेवर पसरतं. टायरचंही तसंच. गाडीचं वजन बदलत नाही, पण आतली हवा निम्मी केली की जमिनीला टेकणारा टायरचा भाग जवळजवळ दुप्पट होतो, आणि तो मुख्यतः लांबीनं वाढतो. मग टायर वाळू कापत नाही, तिच्यावरून लोळत जातो. हे जगातल्या वाळवंटात फिरणाऱ्यांना फार पूर्वी कळलं होतं. राल्फ बॅगनोल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी 1920 च्या पुढच्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता. सुट्टीत तो साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरे. टायरची हवा कमी करणं आणि फसलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हाळी घालणं, या युक्त्या त्यानं तिथं वापरल्या. 1940 साली त्यानं वाळवंटात दूरवर फिरणारी लष्करी तुकडी उभारली, आणि 1941 साली वाऱ्यानं वाळू कशी वाहते यावर शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. आज मंगळ ग्रहावरच्या वाळूच्या काही टेकड्यांना शास्त्रज्ञ त्याच्या नावानं ओळखतात. मंगळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिथं पाठवलेली ‘स्पिरिट’ ही सहा चाकांची यंत्रगाडी 2009 साली मऊ मातीत रुतली. पृथ्वीवरच्या पंडितांनी महिनोन्‌महिने प्रयत्न केले, पण ती निघाली नाही. तेव्हा वाळूत रुतण्यात लाज वाटायचं कारण नाही. आपल्याला निदान फळी घेऊन येणारे काका तरी भेटतात.

आता ज्यांच्यावर कधी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी चार गोष्टी एकत्र सांगतो. मऊ वाळूत शिरण्याआधीच हवा काढावी, रुतल्यावर नव्हे. नेहमीची तीस-पस्तीस असेल तर अठरा-वीस पौंडांवर आणावी. रुतलात तर पंधरापर्यंत उतरावं. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटण्याची भीती. फोर व्हील आणि लो गिअर वाळूत शिरण्यापूर्वी टाकावा. चाल मंद पण अखंड ठेवावी. गिअर वारंवार बदलू नये, स्टिअरिंग एकदम वळवू नये, ब्रेक मारू नये. थांबायचं तर पाय काढून गाडीला आपोआप थांबू द्यावं, आणि तोंड उताराकडे राहील अशी थांबवावी. चाक जागच्या जागी फिरलं की त्याच क्षणी पाय उचलावा. त्या क्षणी थांबलात तर पाच मिनिटांचं काम असतं, पुढं दोन तासांचं. बरोबर फावडं, फळी, हवेचा काटा, पंप आणि टोचनाचा मजबूत दोर असावा. टोचन लावताना दोर बंपरला बांधू नये, चेसीच्या हुकालाच लावावा. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या आसपास कोणालाही, विशेषतः मुलांना, उभं राहू देऊ नये. तुटलेला दोर चाबकासारखा येतो. एकटी गाडी घेऊन जाऊ नये. रस्त्यावर आल्यावर पंपानं हवा भरावी, कमी हवेनं वेगात गेलात तर टायर तापून फुटतो. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यानं गाडीचं पोट, पाटे, ब्रेक सगळं धुवावं. समुद्राचं मीठ लोखंडाला वाळवीसारखं खातं, आणि ते खालून खातं म्हणून दिसत नाही.

एवढं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाल, आता आम्हीही गाडी घेऊन समुद्रावर जातो. तर माझं सांगणं आहे, जाऊ नका. ऑस्ट्रेलियात क्गारी नावाचं वाळूचं बेट आहे. तिथला पाऊणशे मैलांचा किनारा रीतसर रस्ता म्हणून जाहीर झालेला आहे, त्यावर वेगाची मर्यादा आहे, आणि गळवाले लोक ओहोटीची वेळ साधून फोर व्हील गाड्या घेऊन जातात. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास गाडी काढू नका, असं तिथं सांगितलेलं असतं. तो देश मोठा आणि माणसं थोडी. आपला किनारा रिकामा दिसला तरी रिकामा नसतो. कुठं बोंबील सुकत असतात, कुठं जाळी पसरलेली असतात, कुठं बायका शिंपल्या वेचत असतात, कुठं पोरं खेळत असतात. कोकणाच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या सुमारास समुद्री कासवं येऊन वाळूत अंडी घालतात. गाडीच्या चाकानं ती घरटी दडपतात, आणि पिल्लं बाहेर पडली तर आपल्या चाकोऱ्या त्यांना नाल्यासारख्या लागतात. त्यांतून त्यांना समुद्राकडे जाता येत नाही. डहाणूला जखमी कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, तिथं जाऊन एकदा पाहून या, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला कायद्यानं बंदी आहे, आणि आपल्याकडेही कितीतरी ठिकाणी प्रशासनानं मनाई केलेली असते. तरी दर सुट्टीला कुठं ना कुठं कोणाची तरी गाडी भरतीत सापडतेच. गळ टाकायचा तर गाडी सुरूच्या सावलीत ठेवा आणि चालत जा. मासा गाडी पाहून येत नाही.

मग हे सगळं शिकून मला काय मिळालं? ते सांगतो आणि पुरं करतो.

पुढं दोन वर्षांनी, पाऊस संपता संपता, आमच्याकडच्या एका ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. पात्रातूनच गाडी काढावी लागे, आणि पुरानं तिथं ताजी वाळू आणून टाकली होती. रात्री दहाला पाड्यावरून निरोप आला. बाई अडली होती, जव्हारला न्यायची होती. मी गेलो. परत येताना पात्राच्या मध्यावर गाडी जड झाली आणि मागचं चाक फिरलं. गाडीत ती बाई, तिची सासू आणि तिचा नवरा. नवरा ओरडला, “दाबा, दाबा!” माझा पाय तिथंच उचलला गेला. खाली उतरलो, बॅटरीच्या उजेडात काटा लावून चारही चाकांची हवा सोळावर आणली. चाकांसमोरची वाळू हातानं ओढली, चाकोरीनं गाडी वावभर मागं घेतली आणि सरळ दुसऱ्या गिअरमध्ये काढली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. पहाटे मुलगी झाली.

दुसऱ्या शिमग्याला मी नागलीची एक गोण घेऊन बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलो. त्या दिवशी काकांनी पैसे घेतले नव्हते, मासाही घेतला नव्हता. गोण मात्र ठेवून घेतली आणि बदल्यात सुक्या बोंबलांची एवढी मोठी जुडी दिली. ओढ्यातली हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “गाडी कुठं लावलीस?”

“वर, सुरूच्या खाली,” मी म्हटलं.

“हां,” काका म्हणाले, “आता तुला वाळू कळली.”